आपल्या माणसाचा धंदा टिकावा म्हणून : वस्तीने करायची पाच कामे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून भारतात परतले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या आणि गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला. अर्थशास्त्राचे एवढे शिक्षण घेतलेल्या माणसाकडे ज्ञान कमी नव्हते. कमी होते ते गिऱ्हाईक.

आज आपल्या वस्त्यांत शिलाई, डबे, मंडप, छपाई, मोबाइल दुरुस्ती, किराणा असे अनेक लहान धंदे सुरू होतात. उद्घाटनाला सगळे येतात, हार घालतात, फोटो काढतात. काही महिन्यांनी शटर बंद दिसते. दर वेळी दोष धंदा करणाऱ्याचाच असतो असे नाही. वस्ती म्हणून आपण काय करू शकतो, हे येथे थोडक्यात मांडले आहे.

१. खरेदी ठरवून करा

समजा, वस्तीत १०० कुटुंबे आहेत. प्रत्येक कुटुंबाने महिन्याला फक्त ५०० रुपयांची खरेदी वस्तीतल्या धंद्यातून करायचे ठरवले, तर महिन्याला ५० हजार आणि वर्षाला ६ लाख रुपयांची उलाढाल होते. एवढ्या आधारावर एक-दोन लहान धंदे पहिले वर्ष काढू शकतात. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल कसे चालतात, हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणजे समाजात खरेदीची ताकद आहे. ती मोजक्या दिवसांपुरती राहू नये, एवढेच.

२. उधारी आणि 'आपलं आहे' ही सवलत बंद करा

हे सर्वांत अवघड काम आहे. बाहेरच्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट्याने देतो. ओळखीच्या दुकानात मात्र सवलत मागतो आणि वर उधारी ठेवतो. जयंतीच्या वेळी हे जास्त दिसते. मंडपवाला, फ्लेक्स छापणारा, जेवण करणारी बाई आपलीच असेल, तर "समाजाचं काम आहे, समजून घे" म्हणून बिल कापले जाते आणि उरलेले पैसे पुढच्या वर्गणीवर ढकलले जातात. त्या माणसाने कापड, कागद, गॅस रोखीने आणलेला असतो.

जयंती समितीने आणि विहार समितीने एक साधा ठराव करावा : काम देताना अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली कार्यक्रमानंतर सात दिवसांत. दान द्यायचे की नाही हे त्या व्यावसायिकाने स्वतः ठरवावे. ते बिलातून कापून घेऊ नये.

कायदाही हेच सांगतो. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघू उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर चढे व्याज लागते. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो.

३. पहिले भांडवल जवळून उभे करा

शिलाई मशीन किंवा हातगाडीसाठी बँकेच्या दारात महिनोन्महिने उभे राहणे परवडत नाही आणि खासगी सावकाराचे व्याज धंदा खाऊन टाकते. बचत गटातून लहान कर्ज लवकर मिळू शकते. मात्र व्यवहार लेखी आणि बँक खात्यातूनच व्हावेत. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक अडचणीच्या काळासाठी. गटाने कर्ज देताना हाच हिशेब विचारला तरी पुष्कळ.

४. कागदपत्रांसाठी एक दिवस द्या

वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार विहारात बसून लोकांचे अर्ज भरून द्यावेत. 'उद्यम' नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे; एजंटला पैसे देण्याची गरज नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जाती, महिला, अल्पसंख्याक अशा गटांना ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा ५ टक्के. हे अनुदान रोख हातात पडत नाही, ते कर्जखात्याशी जोडून बँकेत ठेवले जाते, हे आधीच समजावून सांगावे. धर्म बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, हा गैरसमजही दूर करावा. १९९० पासून केंद्राच्या यादीतही बौद्धांचा समावेश आहे.

५. बाहेरच्या बाजाराची वाट दाखवा

वस्तीवरच अवलंबून असलेला धंदा वस्तीएवढाच राहतो. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघू उद्योगांकडून करावी, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असे धोरण आहे. नोंदणी असलेल्या अशा उद्योगांना निविदेचा अर्ज मोफत मिळतो आणि अनामत रकमेतून सूट असते. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली 'डिक्की' ही संघटनाही दलित उद्योजकांना अशा बाजाराशी जोडण्याचे काम करते.

व्यावसायिकाचीही जबाबदारी आहे. माल चांगला हवा, वेळ पाळली पाहिजे, बिल दिले पाहिजे. समाजाच्या नावावर गिऱ्हाईक एकदा येते. दुसऱ्यांदा ते कामामुळे येते.

येत्या १४ एप्रिलच्या तयारीची बैठक तुमच्या वस्तीत होईल तेव्हा विषयपत्रिकेत एक विषय वाढवा : गेल्या वर्षीची कोणाकोणाची बिले अजून बाकी आहेत? आधी ती चुकती करा, मग नवी वर्गणी काढा.