खानेसुमारींतील जालना
जालना, अंबड व भोकरदन हे तालुके निजामी अमदानींत औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत. त्या जिल्ह्याची वस्ती १८८१ सालीं ७,३०,३८० होती; १८९१ सालीं ती ८,२८,९७५ भरली, आणि १९०१ सालीं ७,२१,४०७ वर आली. १८९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं आठांमागें एक माणूस उणा केला. आधींच्या दशकाची सारी वाढ त्यांत बुडाली.

१९८१ सालीं निराळ्या झालेल्या जालना जिल्ह्यांत २०११ च्या खानेसुमारीनें १९,५९,०४६ माणसें मोजलीं. एवढ्यावर आम्हीं निश्चिंत व्हावें काय? येथील शेती बहुतांशीं पावसाच्याच भरंवशावर आहे, आणि कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं दरसाल गांव सोडतात. माणसें किती यापेक्षां तीं गांवीं कशाच्या आधारें टिकतात, हें मोजणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.