रिमोटची गाडी आणि हातातला कॅमेरा

१९८५ सालचा 'बॅक टु द फ्यूचर' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेलच. आठवतंय, मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये अपरात्री डॉक ब्राऊन डेलोरियन पळवतो, पण स्वतः गाडीत न बसता? गाडीत त्याचा कुत्रा, डॉकच्या हातात रेडिओ कंट्रोलचा ट्रान्समीटर, आणि शेजारी उभा राहून मार्टी हे सगळं कॅमकॉर्डरवर टिपतोय. आरसी (म्हणजे रेडिओ कंट्रोलवाल्या) गाड्यांचा नाद असलेले जगभरचे लोक दर रविवारी जे करत आलेत तेच, फक्त गाडी खऱ्या मापाची!

मार्टीच्या हातात होता जेव्हीसीचा जीआर-सी१, १९८४ चं मॉडेल. त्याआधी घरगुती शूटिंग म्हणजे हातात कॅमेरा, खांद्याला अडकवलेला रेकॉर्डर आणि दोघांमध्ये केबल. १९८३ मध्ये सोनीच्या बीटामूव्हीने ही दोन खोकी एकत्र केली खरी, पण त्यात नुसतं रेकॉर्डिंग व्हायचं. काय शूट झालंय ते घरी जाऊन व्हीसीआरवर बघायचं. जेव्हीसीने व्हीएचएसची कॅसेटच लहान केली आणि कॅमेऱ्यातच प्लेबॅक दिला. मार्टी १९५५ सालात जाऊन कॅमेरा टीव्हीला जोडतो, ते त्यामुळेच जमतं.

योगायोग बघा. तामियाची पहिली आरसी मोटार, १/१२ मापाची पोर्शे ९३४, आली १९७६ मध्ये. ग्रासहॉपर ही बग्गी आली १९८४ मध्ये. म्हणजे घरगुती कॅमकॉर्डर आणि घरगुती आरसी गाडी एकाच दशकात सामान्य माणसाच्या हाती आल्या. तेव्हापासून 'छोटा कॅमेरा कुठला घ्यावा?' हा प्रश्न छंदवाल्यांच्या मागे लागला तो लागलाच.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड म्हणजे आधी रिक्वायरमेंट विचारायची. इथे ती एकच आहे: कॅमेरा राहणार कुठे? ट्रॅकच्या कडेला माणसाच्या हातात, की गाडीच्या पाठीवर? कडेला उभ्या माणसाला झूम हवा, व्ह्यूफाइंडर हवा, आणि ऑटोफोकस असा की गाडी जवळ आली तरी गडबडणार नाही. गाडीवर बसणाऱ्या कॅमेऱ्याला यातलं काहीच नको. त्याला हवं कमी वजन आणि दणके खायची ताकद. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन गरजांची ओढाताण आहे.

सुरुवातीला ओढाताण नव्हतीच, कारण दुसरा पर्याय नव्हता. १/१० मापाची बग्गी साधारण दीड किलोची, तिच्यावर तिच्याहून जड कॅमेरा कसा लादणार? १९८५ मध्ये ८ मिलिमीटरच्या टेपवर चालणारा सोनीचा पहिला हॅंडीकॅम आला. १९८९ चा टीआर-५५ तर ७९० ग्रॅमवर उतरला आणि 'पासपोर्टएवढा' म्हणून गाजला. तरीही तो हातातच शोभणारा.

१९९५ मध्ये डीव्ही आलं आणि मिनीडीव्हीचे कॅमेरे मुठीत मावायला लागले. आता वाटेल की झालं काम! नाही झालं. मिनीडीव्हीच्या आत हेड बसवलेला ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो आणि टेपवर जेमतेम १० मायक्रॉन रुंदीच्या तिरक्या रेघा ओढतो. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला अशा ३०० रेघा. हे घड्याळजीचं काम उड्या मारणाऱ्या गाडीच्या पाठीवर करायचं? दणका बसला की हेड रेघेवरून सरकायची भीती, आणि मग चित्रात चौकोनी ठिगळं.

म्हणून लोकांनी जुगाड केला. गाडीवर फक्त बोटाएवढा कॅमेरा आणि छोटा व्हिडिओ ट्रान्समीटर, आणि रेकॉर्डिंग जमिनीवरच्या कॅमकॉर्डरमध्ये. (त्यासाठी व्हिडिओ-इन असलेला कॅमकॉर्डर शोधावा लागे.) हे व्हिडिओ ट्रान्समीटर बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालत. २००५ च्या आसपास आरसीचे रिमोटही त्याच बँडवर यायला लागले आणि भांडण सुरू झालं. चित्र गेलं तर ठीक, कंट्रोल गेला तर गाडी भिंतीवर. शेवटी बऱ्याच जणांनी व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर हलवला.

मधल्या काळात टेप जाऊन हार्ड डिस्कवाले कॅमकॉर्डर आले. इथे तर विनोदच झाला. पडताना डिस्क वाचावी म्हणून काही मॉडेल्समध्ये सेन्सर असे. कॅमेरा हवेत खाली पडतोय असं वाटलं की डिस्कचं हेड बाजूला घ्यायचं. आता रॅम्पवरून उडालेली बग्गी म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने काय? खाली पडणारा कॅमेराच की! म्हणजे सगळ्यात बघण्यासारख्या क्षणीच कॅमेरा जीव मुठीत धरणार.

खरी सुटका केली मेमरी कार्डाने. टेप नाही, ड्रम नाही, डिस्क नाही. कॅमेरे लहान होत गेले असं आपण म्हणतो, पण गाडीवाल्यांच्या दृष्टीने खरी गोष्ट ही की त्यातले हलणारे भाग एकेक करून गेले. २००६ मध्ये गोप्रोचा डिजिटल हिरो आला तो फक्त १० सेकंदांचे व्हिडिओ घेणारा. पुढच्या चारेक वर्षांत त्यांचाच कॅमेरा १०८०पी शूट करू लागला. त्याच सुमारास '८०८' नावाने ओळखले जाणारे, मोटारीच्या किल्लीच्या आकाराचे स्वस्त कॅमेरे इंटरनेटवर विकायला आले आणि हलक्या विमानांवरसुद्धा चिकटवले गेले.

पण फुकट काही मिळत नाही. जुन्या सीसीडी सेन्सरमध्ये अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपली जायची. या स्वस्त सीमॉस सेन्सरमध्ये ती वरून खाली ओळीओळीने वाचली जाते. समजा मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेतेय, म्हणजे थरथर सेकंदाला २०० वेळा. फ्रेम वाचायला १/४० सेकंद लागला तर एकाच फ्रेममध्ये थरथरीच्या पाच लाटा! सरळ खांब जेलीसारखा डुलायला लागतो. उपाय सॉफ्टवेअरचा नव्हे, कॅमेऱ्याखाली फोमचा तुकडा.

दुसरी गोम वेगाची. खरी गाडी १ मीटरवरून पडली तर ०.४५ सेकंद लागतो. तिची १/१० मापाची प्रतिकृती १० सेंटीमीटरवरून पडते ०.१४ सेकंदात, म्हणजे तिप्पट घाईने. म्हणून व्हिडिओत ती खेळण्यासारखी टणटणते. १९६५ च्या ब्रिटिश 'थंडरबर्ड्स' मालिकेत डेरेक मेडिंग्स यांच्या चमूने छोटी मॉडेल्स जास्त वेगाच्या कॅमेऱ्यावर शूट केली ती याचसाठी. २५ फ्रेमवर दाखवायचं तर शूट करायला हव्यात साधारण ८०. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये ही सोय बहुधा नसायचीच. २०१४ मध्ये आयफोन ६ सेकंदाला २४० फ्रेम द्यायला लागला आणि स्टुडिओची युक्ती खिशात आली.

मग आज काय घ्यावं? गाडीवर अंगठ्याएवढा कुठलाही अॅक्शन कॅमेरा, वजन आधी बघून. कडेला खिशातला फोन, स्लो मोशन लावून. ज्याला लांबच्या वळणावरची गाडी पकडायची आहे त्याने मात्र ऑप्टिकल झूमवाला जुना मेमरी कार्डचा हॅंडीकॅम मिळाला तर सोडू नये.

पण माझ्या मते कडेचा माणूस अजिबात काढू नये. गाडीवरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं, फक्त गाडी दिसत नाही, आणि ती चालवणारा तर नाहीच. जुन्या टेप लावून बघा. फोकस गेलेला असतो, हात हललेला असतो, पण मागून कुणीतरी 'अरे गेली, गेली!' म्हणून ओरडतं. आज त्या टेपमधली गाडी भंगारात गेलेली असते, ओरडणारा कधीकधी या जगात नसतो.

आणि या टेप थांबणार नाहीत. शेवटचा नावाजलेला व्हीसीआर उत्पादक, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबला. मिनीडीव्ही उतरवायला लागणारं फायरवायरचं पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतं, आणि तासाची टेप उतरवायला तासच लागतो. एका तासाचे साधारण १३ जीबी. आजच्या हिशोबात किरकोळ.

तेव्हा नवा कॅमेरा घ्यायच्या आधी माळ्यावरचा खोका काढा. जुना कॅमेरा अजून चालत असेल तर हा शनिवार-रविवार त्याचा.