हिमगाभा
ध्रुवीय हिमस्तरात खोल छिद्र पाडून काढलेला बर्फाचा दंडगोल. त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे प्राचीन वातावरणाचे थेट नमुने असतात. इतका प्रत्यक्ष पुरावा हवामानशास्त्रात दुर्मीळच. अंटार्क्टिकावरील ‘डोम सी’ येथील गाभ्यानुसार गेल्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे १७० ते ३०० राहिला. आज तो ४२०च्या वर आहे. हिमयुग सरताना तेथील तापमान आधी वाढले, वायू मागाहून. तेव्हा वायू हे कारण नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांनी तापमानवाढ सुरू केली, महासागरांनी वायू सोडला आणि त्या वायूने ती वाढ पुढे रेटली. आज तर महासागर वायू शोषत आहेत, आणि हवेतील कार्बनची समस्थानिके जीवाश्म इंधनाकडेच बोट दाखवतात.