जामखेडचा धडा

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल सरकारदप्तरी दाखल झाला, तेव्हा ठराविक लोकसंख्येमागे एक आरोग्यकेंद्र असावे, असा भव्य आराखडा देशापुढे आला. त्यात पोषण व स्वच्छता यांचाही साकल्याने विचार होता. परंतु ज्या समाजात रोगाची मुळे पाण्यात, अन्नात, जातिभेदात आणि स्त्रीच्या पराधीनतेत परस्परांशी गुंतलेली असतात, तेथे केवळ वरून सुटलेल्या हुकुमाने आरोग्य नांदत नाही, हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडने विशेष स्पष्टतेने दाखविले.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे कार्यारंभ केला. प्रथम गावोगाव धाडलेल्या परिचारिकांचा शब्द खेड्यांनी मानला नाही. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित, निवडावी आणि तिने प्रसूती, बालसंगोपन व साथीचे रोग यांचे ज्ञान घेऊन परतावे, अशी रीत पडली. दुष्काळात विहिरी खोदल्या गेल्या, शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली, आणि एका पाणवठ्यावरील बदलाने जातीची बंधने सैल होऊ लागली, मुलांचे आजार घटू लागले व बायकांचे धैर्य वाढू लागले.

प्राथमिक आरोग्यसेवेवरील १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने लोकसहभागाचे हेच तत्त्व जगापुढे मांडले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. आरोग्यसुधारणा करू इच्छिणाऱ्या प्रत्येक शासनाने नकाशा आखण्यापूर्वी गावातील माणसांचे परस्परसंबंध समजून घ्यावेत आणि निर्णयाचा अधिकार त्यांच्या हाती निःशंकपणे सोपवावा.