रानातली नोंदवही

संशोधनाचा पैसा मुंबई-पुण्याकडेच वाहतो, असं आपण धरून चालतो. 1982 साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीनं हा समज मोडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये इथं आले, ‘सर्च’ उभी राहिली. राणीताईंनी दोन खेड्यांतल्या बायका तपासल्या. शंभरात 92 जणींना स्त्रीरोग निघाले. 1989 मध्ये तो निबंध ‘लॅन्सेट’नं छापला. पुढं अमेरिकेच्या मॅकआर्थर प्रतिष्ठानानं पैसा दिला, 2006 मध्ये संस्थेला पुरस्कारही.

इथं असं होतं काय? मोठी यंत्रं नव्हती. घरोघरच्या जन्म-मृत्यूची चोख नोंद होती, आणि गावच्याच बायका. माझ्या अम्मीची दोन बाळं महिन्याच्या आत गेली; ती कुठल्याच वहीत नाहीत. म्हणून मला ही वही यंत्राहून मोठी वाटते.

39 गावांतल्या आरोग्यदूत बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायला शिकल्या. (इंजेक्शन, आणि खेड्यातल्या बाईच्या हाती! पुष्कळांनी नाकं मुरडली.) तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात-मृत्यू 62 टक्क्यांनी कमी भरले. 1999 मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. 2011 पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्या याच वाटेनं.