रूळ आधी, मनोरा नंतर

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या छपरांवर अँटेना चढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वर गेलं की आधी दिशा धरायची, आणि दिशा धरायला आमच्याकडे रूळ होते. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक शहाड, आंबिवली, टिटवाळा करत कसाऱ्याला जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला. या दोहोंच्या बेचक्यात उल्हासनगरचे कॅम्प १, २ आणि ३. ४ आणि ५ कर्जत फाट्याच्या पलीकडे. कॅम्प २ वाल्याला शहाडही चालतं, उल्हासनगरही.

हे रूळ शहरापेक्षा पुष्कळ जुने. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली, पुढच्या वर्षी वाशिंदला, आणि मे १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने इथे बराकी बांधल्या. मुंबई बंदर एका टोकाला, कसारा आणि कर्जत या दोन्ही अंगांच्या घाटांकडे जाणारे रूळ हाताशी. छावणीला याहून सोयीची जागा कुठली? फाळणीनंतर याच बराकींत सिंधमधून आलेली जवळजवळ एक लाख माणसं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. या शहराचा इतिहास लिहिताना सिंधी माणसाच्या जिद्दीबद्दल सगळे लिहितात, ते योग्यच आहे. पण ती जिद्द इथेच का रुजली, हे सांगायचं तर पहिलं पान रुळांना द्यावं लागेल, असं मला मनापासून वाटतं.

मनोरा आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा. वरळीचा तीनशे मीटर उंच लोखंडी मनोरा आमच्यापासून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, नैर्ऋत्येला. कॅम्प २ च्या छपरावर कर्जत फाट्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि थोडं उजवीकडे वळायचं, की समोर वरळी. दिसायची नाही, पण सिग्नल तिथूनच यायचा. माणसाच्या उंचीहून लांब अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्या, खाली उतरणारी चपटी रिबन वायर, जोडीला बूस्टर. मी दांडा केसभर फिरवायचो आणि खालून चाची ओरडायची, "आ गया, आ गया! अब मत हिलाना!"

तरी पडद्यावर मुंग्या यायच्याच. त्यातही एक तऱ्हा मला फार उशिरा उमगली. पावसाळ्यात लोकल गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे धावायचे. कर्जत फाट्यावर १९२९ पासून विजेच्या गाड्या, तारेत त्या काळी १५०० व्होल्ट डीसी. गाडीच्या टपावरचा पँटोग्राफ ओल्या तारेवर जरा उडाला की निळी ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे छोटं प्रक्षेपणच. आमची अँटेना वरळीकडे बघायची ती नेमकी त्याच तारांवरून. मग दांडा उंच करायचा, शील्ड असलेली कोअ‍ॅक्सिअल केबल घालायची, चित्र बरंच सुधारायचं.

सामान आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं. दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची; एल्फिन्स्टन रोड जवळ आलं की उजव्या हाताला गिरण्यांच्या धुराड्यांमागे मनोरा. प्रत्येक वेळी मी तो डोळे भरून बघायचो, आमची रोजीरोटी त्याच्यावर होती. त्या स्टेशनाचं नाव आता प्रभादेवी. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. नंतर लष्कराने तिथे पादचारी पूल बांधून दिला, आणि त्याच कामात एक पूल आमच्या शहाडच्या पुढच्या आंबिवलीलाही. ज्या लष्कराच्या बराकींवर आमचं शहर उभं राहिलं, ते कसारा फाट्यावर पुन्हा कामाला आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

नव्वदच्या दशकात केबल आली. अँटेनांच्या नळ्या भंगारात किलोवर गेल्या, मीही कितीतरी उतरवल्या. पुढे डिश आल्या. त्या आग्नेयेला, बदलापूरच्या अंगाला तोंड करून आणि बऱ्याच वर बघत असतात. रेल्वेच्या तारा त्यांच्या नजरेच्या खालीच राहतात, त्यामुळे लोकल गेली तरी चित्र हलत नाही.