सर्पगंधा, कुहिली आणि कंपवात

कुहिलीच्या शेंगेला हात लागला कीं अंगाची आग होते, एवढी ओळख आपल्याकडील खेड्यांतल्या पोरांनाहि असते. आयुर्वेदानें तिचें बीज वातविकारांवर सांगितलें आहे. पण त्या बीजांत गुण कशाचा, हें कळावयास फार आडवळणाची वाट चालावी लागली.

१९१३ सालीं बाझेल येथील रसायनज्ञ मार्कुस गुग्गेनहाइम यांनीं बाकल्याच्या शेंगांतून 'डोपा' नांवाचें द्रव्य वेगळें केलें. परीक्षा म्हणून त्यांतील अडीच ग्रॅम स्वतःच घेतलें आणि ओकाऱ्यांनीं ते हैराण झाले. १९३७ मध्यें मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं तेंच द्रव्य कुहिलीच्या बियांतून काढून दाखविलें. कंपवाताशीं त्याचा संबंध असेल, ही शंका तेव्हांहि कोणास आली नाहीं.

वाट दाखविली ती दुसऱ्याच वनस्पतीनें. सर्पगंधेची मुळी वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं इंग्लंडमधील एका हृद्रोगविषयक नियतकालिकांत सप्रमाण मांडलें. तीन वर्षांनीं बाझेलच्याच रसायनज्ञांनीं तिच्यांतून रिसर्पीन काढलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांचे हातपाय ताठत, हात कांपूं लागत. जणुं कंपवातच जडला! औषधाचा हा दोष शास्त्राच्या मात्र पथ्यावर पडला. १९५७ सालीं स्वीडनमधील लुंड विद्यापीठांत आर्व्हिद कार्लसन यांनीं रिसर्पीननें सशांना निश्चेष्ट केलें आणि मग डोपा टोचलें; थोड्याच वेळांत ससे पुन्हां हालचाल करूं लागले. रिसर्पीननें मेंदूंतील डोपामीनचा सांठा रिता होतो. डोपामीन रक्तांतून मेंदूंत शिरत नाहीं, पण डोपा शिरतें व तेथें त्याचें डोपामीन बनतें.

१९६० मध्यें व्हिएन्ना येथें एरिंगर व होर्निकिएविच यांनीं कंपवातानें मृत झालेल्यांचे मेंदू तपासले, तों डोपामीनची तीच वाण आढळली. पुढच्याच वर्षीं तेथील अंथरुणास खिळलेले रोगी डोपाच्या टोचणीनें उठून चालले. गुण मात्र कांहीं तासच टिके. ओकाऱ्यांची अडचण होतीच. ती १९६७ सालीं न्यूयॉर्क प्रांतांत जॉर्ज कोत्झियास यांनीं दूर केली, अगदीं थोड्या मात्रेपासून धीमेपणानें वाढवीत नेऊन. रोग मुळांतून जात नाहीं, आणि वर्षें लोटलीं कीं औषधानेंच अंग वेडेंवाकडें हलूं लागतें, ही त्याची दुसरी बाजू.

२००४ सालीं लंडनमध्यें आठ रोग्यांना कुहिलीच्या बियांचें चूर्ण देऊन पाहण्यांत आलें. नेहमींच्या गोळ्यांपेक्षां त्याचा गुण लवकर आला आणि अधिक वेळ टिकला.